बिब्बे आणायचे राहिले

८ सप्टेंबर २०२४, रविवार. केदारखेडा

चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, लिहून दिल्याशिवाय ड्यूटी संपायची नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी संध्याकाळ झाली की हात शिवशिवतो, म्हणून ही डायरी. पतसंस्थेने फुकट दिलेली आहे, पण कागद चांगला आहे.

आज भोकरदनला गेलो होतो. बायकोने, बेबीने, दोन कामं सांगितली होती, म्हशीची पेंड आणि बिब्बे. पेंड आणली, बिब्बे विसरलो. घरातले शेवटचे दोन बिब्बे मीच माझ्या टाचेच्या भेगांना लावून संपवले होते, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. तरी बोललोच. "एवढे बिब्बे कशाला लागतात तुला? दुकान टाकती का?" तिने विळा घेतला आणि शेताच्या धुऱ्यावर गवताला निघून गेली. यंदा पाऊस बरा, गवत कमरेला लागतंय. म्हैस खूष आहे.

संध्याकाळी ती विहारात गेली. वर्षावास चालू आहे, तीन महिने रोज बायका जमून ग्रंथवाचन करतात. माझा अंदाज असा की वाचन पाव तास आणि गप्पा पाऊण तास.

११ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा भोकरदन. डेपोत जुने ड्रायव्हर-कंडक्टर भेटले. धर्मराज ड्रायव्हरने चहा पाजला. राजूरच्या घाटात गाडी बंद पडली होती तो किस्सा त्याने पुन्हा सांगितला आणि दरवेळेप्रमाणे त्यात मला भित्रा केलं. मी भांडलो. खूप बरं वाटलं.

बिब्बे पुन्हा विसरलो. घरी येऊन अंगण ओलांडेपर्यंत आठवलं नाही. बेबीला घाबरत घाबरत सांगितलं, तर ती म्हणाली, "राहू द्या आता. दुखत न्हाई."

सुटलो. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि घट्ट दही होतं. यापेक्षा माणसाला काय पाहिजे?

१५ सप्टेंबर, रविवार

बेबीला कालपासून ताप. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. व्हायरल म्हणे, सगळीकडे चालू आहे. आजही गवत कापून आणलं तिने. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाली, "मंग म्हशीला काय तुमची डायरी चारू?"

१८ सप्टेंबर, बुधवार

ताप एकशे तीन. डोकं धरून बसते. भोकरदनला नेलं, मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड सगळं तपासलं, काहीच निघालं नाही. सलाईन लावून परत आलो. रूपालीचा बदनापूरहून फोन. ती तिथे शाळेत शिकवते आणि सगळ्या जगाला शिकवते. "पप्पा, आईला जालन्याला घेऊन या, आताच्या आता." मी म्हटलं दोन दिवस पाहू. दोन दिवस पाहण्याची सवय मला एसटीने लावली. तिथे कोणताही अर्ज दिला की दोन दिवस पाहू म्हणायचे.

२० सप्टेंबर, शुक्रवार. जालना

आज सकाळी बेबी चुलीपासून ओट्यापर्यंत चालताना तीनदा थांबली. ओठ निळसर. गाडी केली आणि सरळ जालन्याला आणलं. रूपाली हॉस्पिटलच्या दारातच उभी होती.

आयसीयूच्या मोठ्या डॉक्टर म्हणजे पस्तिशीची एक मुलगी आहे, डॉ. नसरीन, भोकरदनचीच. मी लगेच ओळख काढली. "तुम्ही कॉलेजला माझ्याच गाडीनं जायच्या, सकाळची भोकरदन-जालना." ती म्हणाली, "नाही काका, मला अब्बा मोटारसायकलवर सोडायचे." असो. माणूस चुकतो.

तिने बेबीला बरंच काही विचारलं. बेबीला धाप लागलेली, त्यात ती बोलणार दोन शब्द, ते पण घोळून. म्हणून मीच सगळं नीट सांगितलं. मला सवय आहे. वरचे अधिकारी तपासणीला चढले की प्रवाशांच्या वतीने मीच बोलायचो. काय काम करतात? घरीच असते, दोन माणसांचा स्वयंपाक. शेतात जातात का? शेत बटईने दिलंय, ती जात नाही. कुठे प्रवास? नाही. काही चावलं वगैरे? नाही. ताप कधीपासून? चौदा तारीख. हे सगळं मी खाडखाड सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुमचं सगळं तोंडपाठ आहे." मला बरं वाटलं.

कपडे बदलताना सिस्टरला बेबीच्या कमरेवर, परकराची नाडी बांधतात तिथे, एक काळी खपली दिसली. बाहेर येऊन तिने विचारलं, कशाची? मी म्हटलं, बिब्ब्याची असणार, काटाबिटा टोचला की आमच्याकडे बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात. ती हसली. "आमच्याकडे पण." तिने कागदावर तसं लिहून घेतलं.

आता बेबी आत आहे आणि मी बाहेर बाकड्यावर. मी घाबरलेलो नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

डॉ. नसरीनने बाजूला बसवून समजावून सांगितलं. तापाचे जंतू रक्तातून बेबीच्या हृदयापर्यंत पोचलेत. हृदय म्हणजे एक स्नायूच, दंडाचा असतो तसा, आणि तो स्नायू सुजलाय. चांगलं हृदय एका दाबात साठ टक्के रक्त पुढे ढकलतं, बेबीचं पंचवीसवर आलंय. आमच्या विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजवर अशीच घुमते आणि पाणी काही वर चढत नाही. ब्लडप्रेशर टिकवायला औषधाचा पंप लावलाय, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे.

"कोणता जंतू?" मी विचारलं.

"तेच अजून सापडत नाहीये. मोठी अँटिबायोटिक्स सुरू केलीत. बघू या."

बघू या. डॉक्टरने हा शब्द वापरलेला मला आवडला नाही.

आज सकाळी मी दोन वेळा दाढी केली. रूपालीने विचारलं, "पप्पा, कशाला?" मी म्हटलं, पहिली नीट झाली नव्हती.

२२ सप्टेंबर, रविवार

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर एक सोबती मिळाला. कमरोद्दीन नालबंद. बैलांना नाल ठोकतो, भोकरदन तालुक्यातले अर्धे बैल त्याच्या ओळखीचे आहेत. त्याची बायको कमरुन्निसा बेबीच्या शेजारच्या कॉटवर आहे. शुगर, त्यात पायाची जखम चिघळली. आता बरी होत आहे.

"तुमच्या गाडीनं मी लई येळा आलो कंडक्टर साब," तो म्हणाला. "नालांची पिशवी व्हती माझ्याकडं. तुम्ही म्हणले, लोखंड टपावर टाक."

शेवटी एक खरा प्रवासी भेटला. टपावर टाकायला लावल्याबद्दल मी माफी मागितली. तो म्हणाला, "न्हाई न्हाई, बराबर व्हतं तुमचं. माझ्या नालानं एका बाईचे आंबे फुटले असते."

त्याच्या डब्यातली खिचडी खाल्ली. त्याने माझ्या डब्यातलं पिठलं खाल्लं. अकराला आणि पाचला आत सोडतात, एका वेळी एकालाच. पाचला मी आत गेलो. बेबीचा हात कोरडा आणि गरम. तिने मास्कमधून काही विचारलं. मी म्हटलं, "म्हशीचं बघायला शेजारचा संपत आहे, बोलू नको, आराम कर." ती पुन्हा बोलायला लागली, मी पुन्हा म्हटलं, बोलू नको. मग तिने डोळे मिटले.

२३ सप्टेंबर, सोमवार

ताप हटत नाही. पंपिंग बावीस. औषधाच्या पंपाचा आकडा वाढवलाय. डॉ. नसरीन म्हणाल्या, उद्यापर्यंत फरक पडला नाही तर श्वासाची नळी घालावी लागेल. रूपालीने ते ऐकलं आणि जिन्यात जाऊन रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

लिहून टाकतो. मला भीती वाटते. छत्तीस वर्षं झाली लग्नाला, त्यातली बत्तीस वर्षं मी गाडीवर. मुक्कामी गाड्या तर किती केल्या. निवृत्त झाल्यावर वाटलं आता घरी बसून हिच्याशी बोलू. चार वर्षं बोललोही, पण आज बाकड्यावर बसून आठवू लागलो तर मी काय काय बोललो तेच आठवतं. ती काय बोलली ते आठवेना.

बुद्धवंदना म्हटली. कमरोद्दीन शेजारी त्याचं म्हणत होता. दोघांचे ओठ हलत होते, आणि समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयने टीव्हीचा आवाज कमी केला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आजचं सगळं नीट लिहितो.

सकाळी नऊची वेळ. कमरोद्दीन टाच खाजवत होता. म्हणाला, "या हवेत बिब्बा लावावा तर बरं वाटंल, पण इथं कुठं तापवता?" मी म्हटलं, आमच्या मंडळीनं लावलाय कमरेला, सिस्टरनी विचारलं तेव्हा मी सांगितलं.

"भाबीनं? कमरेला?" तो सरळ बसला. "मंग लई तरास झाला असंल."

"कसला तरास? ती काही बोलली नाही."

"कंडक्टर साब, मी बैलाच्या खांद्याला बिब्बा लावतो. बैलाची कातडी ती, तरी जनावर उड्या मारतं. माणसाच्या नरम जागी लावला की आग आग. बाजूनं फोड्या, पाणी सुटतं, चार दिवस खाज. कमरेला लावून बाई गप बसंल का? बिलकुल न्हाई."

मी म्हटलं, आमची बसेल, ती फार सोसते. हे बोलताना मला काहीतरी टोचलं. कधी लावला असेल बिब्बा? मी डायरी काढली. तारीख काढायला, बाकी काही नाही. वेबिलाची सवय.

आठ तारीख. पेंड आणली, बिब्बे विसरलो. शेवटचे दोन मीच संपवले होते.

अकरा तारीख. बिब्बे पुन्हा विसरलो. "राहू द्या आता. दुखत न्हाई."

घरात बिब्बा नव्हताच. ऑगस्टपासून नव्हता. तीन आठवडे ती मागत होती आणि मी विसरत होतो. आणि दुखत नाही म्हणजे काय दुखत नाही? मी विचारलंच नव्हतं. सुटलो, असं लिहिलंय मी. माझ्याच अक्षरात.

मी आयसीयूचं दार वाजवलं. वेळ नव्हती, सिस्टर म्हणाली अकराला या. मी म्हटलं, "तो डाग बिब्ब्याचा नाही. मी खोटं सांगितलं. म्हणजे खोटं नाही, मला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं." आवाज चढला असणार, कारण डॉ. नसरीन स्वतः बाहेर आल्या. मी डायरी पुढे केली. त्यांनी दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली आणि मला म्हणाल्या, "या आत."

त्यांनी बेबीचा मास्क जरा बाजूला केला, खाली वाकल्या. "मावशी, कमरेला बिब्बा लावला होता का?"

बेबीने नाही अशी मान हलवली. श्वास घेत घेत म्हणाली, "बिब्बे कुठं व्हते घरात."

"मग ती खपली कशाची?"

"काय की. आधी फोडी आल्ती. वाटलं गवतात काटा लागला. दुखली न्हाई, खाजली न्हाई."

"गवतात? तुम्ही गवत कापता?"

"रोज दोन भारे. म्हैस हाय ना."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी चादरीकडे बघितलं. मग डॉक्टरांनी तिला विचारलं, "मावशी, हे आधी कामून नाही सांगितलं?" घाईत त्या आपल्या भाषेवर आल्या होत्या.

"मला कोण इच्यारलं?" बेबी म्हणाली. "हे बोलू राह्यले व्हते."

पडदा ओढून डॉक्टरांनी ती खपली नीट पाहिली. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा चेहरा वेगळाच. म्हणाल्या, गवतात एक बारीक किडा असतो, डोळ्यालाही दिसत नाही, त्याची पिल्लं चावतात. चावल्याचं कळत नाही. काही दिवसांनी तिथे काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी, आणि मग ताप. स्क्रब टायफस. त्याचा जंतू हृदयात शिरतो, फुप्फुसात शिरतो. आतापर्यंत दिलेली मोठी इंजेक्शनं त्याच्यावर चालत नाहीत. ज्या औषधावर तो जातो ते साधं, जुनं औषध आहे.

"रक्त संभाजीनगरला पाठवते, पण रिपोर्टची वाट नाही बघणार. औषध आत्ताच सुरू."

"माझ्यामुळे चार दिवस गेले," मी म्हटलं.

त्यांनी सिस्टरचा तो कागद काढून पाहिला. "खपली मी पण पाहिली होती काका. कागदावर बिब्बा वाचलं आणि पुढे गेले. माझ्या आजीच्या घोट्यावर तसाच डाग आहे. बाहेरगावचा डॉक्टर असता तर त्याने विचारलं असतं, बिब्बा म्हणजे काय."

मी बाहेर येऊन कमरोद्दीनच्या शेजारी बसलो. त्याने पाण्याची बाटली दिली.

२५ सप्टेंबर, बुधवार

नळी घातली नाही. ताप एकशे दोन. डॉक्टर म्हणाल्या, अठ्ठेचाळीस तास द्या.

रूपालीला सगळं सांगितलं. वाटलं चिडेल. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझ्या शाळेच्या मुलाखतीत पण मधे बोलला होतात." मला आठवत नाही. आठवतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा!

सिस्टरने काचेतून थर्मामीटर दाखवला, मला इथून आकडा दिसणार होता का? तिने बोटांनी नऊ आणि आठ दाखवले. कमरोद्दीन माझ्याआधी उठला. मला मिठी मारली, माझा चष्मा वाकडा झाला. रूपालीने खाली जाऊन पेढे आणले. आख्ख्या मजल्याला वाटले, पेशंटच्या नातेवाइकांना, वॉर्डबॉयला, लिफ्टवाल्याला. डॉ. नसरीनने अर्धा पेढा घेतला आणि म्हणाल्या, "हृदयाला अजून वेळ लागेल, काका. स्नायू आहे, हळूहळू सुधारतो." मी म्हटलं, लागू द्या.

पाचला आत गेलो. बेबीने डोळे उघडले. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. मग फक्त विचारलं, "परवा तू काहीतरी सांगत होती. मी बोलू नको म्हणलो. काय सांगत होती?"

तिला आठवायला वेळ लागला. मास्कमध्ये तिचा आवाज घुमतो. "म्हैस डाव्या अंगानं पिळायची, असं संपतला सांगा म्हणत व्हते. उजवीकडून लाथ मारती."

संपतला फोन केला. त्याला उजव्या पायावर तीन लाथा बसून झाल्या होत्या.

२९ सप्टेंबर, रविवार

बेबी वॉर्डात आली. पंपिंग अडतीस. औषधाचा पंप काढला. भात-वरण दोन घास जास्त खाल्लं. संभाजीनगरचा रिपोर्ट आला, तोच आजार.

शेजारच्या कॉटवर कमरुन्निसा पण आली आहे, पाय वाचला. दोघी तोंडाला पदर लावून हसतात. आम्ही दोघे गेलो की गप्प. कमरोद्दीन म्हणाला, "आपल्यावरच चालू हाय." मी म्हटलं, चालू द्या.

५ ऑक्टोबर, शनिवार. केदारखेडा

घरी आलो. निघताना पंपिंग शेहेचाळीस. दोन महिने गवत नाही, ओझं नाही, मीठ कमी. धुऱ्यावर आता मी जातो, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे, पँट मोज्यात खोचलेली. आल्यावर आंघोळ, कपडे गरम पाण्यात. गावातल्या सगळ्या गवतवाल्या बायकांना रूपालीने विहारासमोर उभं करून हे सांगितलं आणि काळी खपली कशी दिसते ते मोबाइलवर दाखवलं. बायकांनी ऐकलं. मी वरून काही जोडलं नाही.

दोन भारे कापायला मला दीड तास लागला. पाठ मोडली. बेबी ओट्यावर बसून बघत होती. "भारा लहान हाय," म्हणाली.

भाकरी मी केली. तिने खाल्ली. हृदयाच्या माणसाला एवढी कडक भाकरी चालते का, ते डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार. जालना

तपासणी. जाताना बसमध्ये मी खिडकी बेबीला दिली आणि स्वतःला बजावलं, आज एक शब्द बोलायचा नाही.

डॉ. नसरीनने विचारलं, "कसं वाटतंय?" आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मी छताकडे पाहू लागलो. पंखा मंद फिरत होता.

बेबी बोलू लागली. किती बोलली! जिना चढताना काय होतं, रात्री कोणत्या कुशीवर बरं वाटतं, गोळीने तोंड कसं कडू होतं. मग डॉक्टरांनी दिवसभराची कामं विचारली, आजारपणाच्या आधीची. पहाटे चारला उठते, धार काढते, शेण, पाणी, स्वयंपाक, दोन भारे, दुपारी बटईदाराच्या बाईला निंदणीत हात लावते. (हे मला माहीत नव्हतं.) संध्याकाळी विहारात.

"विहारात काय करता?"

"ग्रंथ वाचते."

"तुम्ही वाचता? मोठ्याने?"

"दोन वरसांपासून मीच वाचते. चौथी झाली माझी. रूपाच्या पुस्तकांवर सराव केला, हे ड्यूटीवर असायचे तवा. आता बायका दुसरीचं ऐकत न्हाईत, माझंच वाचलेलं कळतं म्हणत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "पौर्णिमेला वाचन संपतं. तेवढं करू का? बसूनच असतं."

चष्मा पुसायचं निमित्त करून मी खाली बघत राहिलो. दोन वर्षं. घरापासून विहार शंभर पावलं आहे. मी कधी दारापर्यंतही गेलो नाही. पाव तास वाचन आणि पाऊण तास गप्पा, असं मीच लिहून ठेवलंय.

डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली. पंचावन्न. "करा वाचन," त्या म्हणाल्या. "दम लागला की थांबायचं. आणि दम लागला की नाही हे मावशीच सांगतील." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. केदारखेडा

आज सकाळी भोकरदनला गेलो. बिब्बे आणले, चांगले अर्धा किलो. पेंड विसरलो.

संध्याकाळी आम्ही दोघं विहारात गेलो. मी वाचनाला पहिल्यांदाच आलो, मागच्या भिंतीला टेकून बसलो. बेबी आजारी असताना एका कॉलेजच्या मुलीने वाचन चालू ठेवलं होतं, पण बायकांनी शेवटची चार पानं राखून ठेवली होती. ग्रंथात मोरपंखी लोकरीचा धागा घातलेला. बेबीने पांढरी साडी नेसली होती, नाडी सैल बांधलेली. धागा काढून तिने शेजारी ठेवला, चष्मा लावला आणि वाचू लागली.

तिचा हा आवाज मी ऐकलेला नव्हता. घरातला नाही हा. सावकाश, स्पष्ट, प्रत्येक शब्द पुढच्या माणसाच्या हातात ठेवल्यासारखा. बायका डोळे मिटून ऐकत होत्या. मला इतकं भरून आलं की शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, सर्दी का? मी हो म्हटलं.

तिसऱ्या पानावर ती थांबली. मोठमोठे श्वास घेऊ लागली. पुढे बसलेल्या तुळजाबाईंनी वळून मला विचारलं, "राजानंद, दमली का रं बाई? दुसरीला वाचू देऊ का?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. माझं तोंड उघडलं होतं. नाही नाही, दमली नाही, असं उत्तर जिभेवर तयार होतं. ते गिळलं.

"तिला विचारा," मी म्हटलं.

बेबीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अंमळ जास्तच वेळ पाहिलं. मग तुळजाबाईंना म्हणाली, "दमले जराशी. पण मीच वाचणार. थांबा."

कोणी हललं नाही. बाहेर चंद्र वर आला होता. आम्ही सगळे थांबलो, आणि तिचा श्वास जागेवर आल्यावर तिने पान उलटलं.